ब्लॉकच्या भिंतीला बाहेरचा गिलावा: मिश्रण कसं ठरवायचं?

बाहेरच्या प्लास्टरचा विषय निघाला की ठेकेदार एकच आकडा सांगतो: एकास चार, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळू. भिंत विटांची असो, सॉलिड ब्लॉकची असो की पांढऱ्या हलक्या एएसी (ऑटोक्लेव्हड एरेटेड काँक्रीट, म्हणजे आत हवेचे बारीक बुडबुडे असलेल्या) ब्लॉकची, गाव सोलापूरकडचं असो की कोयनाकाठचं, उत्तर तेच. घरमालकालाही त्यात काही वावगं वाटत नाही, कारण सिमेंट जास्त तर मजबुती जास्त, असं आपण सगळे धरून चालतो. दोन पावसाळे गेले की भिंतीवर जाळीसारख्या भेगा दिसू लागतात, बोटाने टकटक केलं तर पोकळ आवाज येतो, आणि मग वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवायची वेळ येते.

आम्ही पाटण तालुक्यात एएसी ब्लॉकचं घर बांधलं. त्यानंतर नात्यातल्या काही घरांच्या प्लास्टरच्या वेळी मी कामावर उभी राहिले, त्यातलं एक कोरड्या सोलापुरात आहे आणि एक सॉलिड ब्लॉकचं कराडजवळ. पहिल्यांदा घर बांधणाऱ्याला जे कोणी नीट सांगत नाही, ते इथे क्रमाने लिहिते आहे. मिस्त्री तुमच्यापेक्षा कसबी असतोच. पण कोणतं मिश्रण वापरायचं हा निर्णय घरमालकाने समजून घेतला, तर मिस्त्रीचं कसब वाया जात नाही.

सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच नियम आहे. गिलावा भिंतीपेक्षा कडक नको, आणि वरचा थर खालच्या थरापेक्षा कडक नको. गिलावा वाळताना आकसतो, उन्हात तापून फुगतो, रात्री पुन्हा आवळतो. तो भिंतीपेक्षा मऊ असेल तर हा ताण त्याच्यातच बारीक बारीक विरून जातो. कडक असेल तर तो भिंतीलाच ओढतो. कुठे सुटलेलं प्लास्टर दिसलं तर एक तुकडा उलटा करून बघा. मागे ब्लॉकची पांढरी भुकटी घट्ट चिकटलेली असेल तर तो गिलावा भिंतीला नीट धरून होता, पण ब्लॉकचं कातडं सोलून घेऊन सुटला, म्हणजे मिश्रण फार कडक होतं. मागची बाजू गुळगुळीत, स्वच्छ असेल तर दोष भिंतीच्या तयारीत आहे: धूळ राहिली किंवा कोरड्या ब्लॉकने मालातलं पाणी पिऊन टाकलं.

हाताशी काय हवं

कागद: ब्लॉकचं बिल आणि कारखान्याचा चाचणी अहवाल (घनता आणि दाबक्षमता, म्हणजे ब्लॉक किती दाब सहन करतो, हे त्यात असतं), सिमेंटच्या पोत्यावर छापलेल्या आठवड्या-वर्षाचा फोटो, वॉटरप्रूफिंगच्या द्रवाचं किंवा पावडरचं माहितीपत्रक, आणि ठेकेदाराशी केलेला लेखी करार. करारात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: मिश्रणाचं प्रमाण, थर किती आणि किती जाडीचे, जाळी कोणी आणायची, पाणी कोणी मारायचं. दर ब्रासवर ठरलेला असतो, म्हणजे शंभर चौरस फुटांवर. खिडक्या-दारांची वजावट कशी धरायची हेही तेव्हाच बोलून घ्या.

साधनं: सव्वा घनफुटाचा फर्मा (माल मोजायची पेटी), दोन चाळण्या, ओळंबा, लांब ॲल्युमिनियमची पट्टी, थापी, लाकडी रंधा, काचेची सरळ बरणी, पाण्याचा फवारा, जस्ताचा मुलामा दिलेली चिकन मेश किंवा फायबरची जाळी, रबरी हातमोजे आणि गॉगल. फर्मा नसेल तर सुताराकडून ४० × ३५ × २५ सेंटिमीटर आतल्या मापाचा करून घ्या. त्यात ३५ लिटर मावतं, म्हणजे बरोबर एका पोत्यातलं सिमेंट.

१. भिंत कशाची आहे ते नक्की करा

"ब्लॉक" हा एकच शब्द आपण चार वेगळ्या वस्तूंना वापरतो.

एएसी ब्लॉक पांढरट-राखाडी, हलका, नखाने ओरखडा निघेल असा असतो. सर्रास मिळणाऱ्या ब्लॉकची घनता घनमीटरला ५५१ ते ६५० किलो, आणि या घनतेला भारतीय मानक (आयएस २१८५, भाग ३) ३ ते ४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर एवढी दाबक्षमता मागतं. त्याच्या अंगावर पाण्याचे चार थेंब टाकून बघा, काही क्षणांत ते आत मुरतात. गिलाव्यातलं पाणीही तो असंच ओढून घेतो. पुढची निम्मी काळजी या एका सवयीमुळे घ्यावी लागते.

सॉलिड सिमेंट ब्लॉक जड, खरबरीत, ४, ६ किंवा ८ इंची. दाबक्षमता ४-५ न्यूटनच्या पुढे, पण गावच्या यंत्रावर पाडलेल्या ब्लॉकमध्ये फार फरक पडतो. एक ब्लॉक छातीच्या उंचीवरून मातीच्या जमिनीवर टाकून पाहतात. कोपरा उडाला तर चालतं, पण तुकडे झाले तर तो ब्लॉक कच्चा समजा आणि मिश्रणही त्याप्रमाणे मऊ ठेवा. होलो ब्लॉक आतून पोकळ असतो. त्याच्या सांध्यातून शिरलेलं पाणी पोकळीतून खाली उतरतं आणि भलत्याच ठिकाणी ओल दाखवतं, म्हणून त्याचे सांधे आधी भरून घ्यावे लागतात. कोकणात आणि गोव्यात जांभ्याचा चिरा असतो. त्याच्यात जागोजागी खळगे असतात आणि तोही पाणी पितो.

एका घरात दोन प्रकारचे ब्लॉक आले असतील तर भिंत कुठे बदलते ते खडूने खुणा करून ठेवा. जोत्यापर्यंत सॉलिड आणि वर एएसी, ही जोडी आपल्याकडे नेहमीची आहे.

२. पाऊस कुठून येतो आणि ऊन किती बसतं

सह्याद्रीच्या पश्चिमेला आणि घाटमाथ्याच्या जवळ पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. मोसमी वारे नैर्ऋत्येकडून वाहतात, म्हणून दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंतींना सगळ्यात जास्त मार बसतो. त्याच पश्चिमेच्या भिंतीवर एप्रिल-मे महिन्यात दुपारचं ऊन तापतं. या दोन भिंतींचा विचार वेगळा करा.

सोलापूर, लातूर, विदर्भ इकडे पाण्यापेक्षा उन्हाचा त्रास मोठा. तिथे गिलावा लवकर वाळून भेगाळतो. माझ्या अनुभवात कोरड्या भागात मिश्रण बिघडून होणाऱ्या नुकसानापेक्षा घाईने वाळल्यामुळे होणारं नुकसान जास्त असतं.

३. मिश्रण ठरवा

बांधकामाच्या भारतीय मानकात (आयएस १९०५) निरनिराळ्या मालांची किमान ताकद दिली आहे. सिमेंट आणि वाळू एकास तीन असेल तर १० न्यूटन, एकास चारला ७.५, एकास पाचला ५, एकास सहाला ३. सिमेंट, चुना आणि वाळू १:१:६ असेल तर ३, आणि १:½:४½ असेल तर ६.

आता हे आकडे ब्लॉकच्या आकड्यांशेजारी ठेवा. एएसी ब्लॉकची ताकद ३-४, आणि त्याच्यावर आपण ७.५ चा थर चढवतो. म्हणजे भिंतीपेक्षा गिलावा दुपटीने कडक. "एकास तीन करू, पाऊस जास्त आहे," असं कोणी म्हणालं तर तिप्पट.

मग एकास सहा घेतलं की झालं का? ताकद बरोबर जमते, पण नुसत्या सिमेंट-वाळूचा एकास सहा माल रखरखीत असतो. थापीवरून सुटतो, भिंतीवर ओढताना फाटतो. मिस्त्री वैतागून त्यात पाणी वाढवतो किंवा तुमची पाठ वळली की दोन घमेली सिमेंट. शिवाय वाळूच्या कणांमधल्या फटी भरायला सिमेंट पुरत नाही, आणि गिलावा पाणी आत घेतो. ही अडचण चुन्याने सुटते. चुन्याची बारीक पेस्ट त्या फटी भरते, माल लोण्यासारखा चालतो, आणि एएसीने पाणी ओढायला सुरुवात केली तरी चुना ते धरून ठेवतो. सिमेंटला पकडायला वेळ मिळतो. केसाएवढ्या भेगा पडल्याच तर चुन्याच्या गिलाव्यात त्या काही अंशी आपोआप भरून येतात. जुन्या वाड्यांच्या गिलाव्यात चुना होता, तो आपण सोयीसाठी सोडला. बाहेरच्या भिंतीवर तरी तो परत आणावा असं माझं ठाम मत आहे.

माझी निवड अशी:

- एएसी, कोणताही प्रदेश: दोन्ही थर १:१:६. जोराच्या पावसात खालच्या थरात वॉटरप्रूफिंग पावडर किंवा द्रव. सिमेंट वाढवू नका.
- एएसी, पण चुना मिळत नाही किंवा मिस्त्रीला सवय नाही: एएसीसाठीचं तयार कोरडं प्लास्टर. ते ४० किलोच्या पोत्यात येतं, फक्त पाणी घालायचं. महाग पडतं, पण वाळूची कटकट संपते.
- सॉलिड ब्लॉक, जोराचा पाऊस: खालचा थर १:½:४½, किंवा चांगल्या ब्लॉकवर एकास चार आणि त्यात वॉटरप्रूफिंग. वरचा थर १:½:४½ किंवा एकास पाच.
- सॉलिड ब्लॉक, कोरडा प्रदेश: एकास पाच, किंवा १:१:६.
- होलो ब्लॉक: सांधे दाबून भरून १:१:६.
- जांभा चिरा: आदल्या दिवशी खळगे भरून घ्या, मग १:१:६.

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत बाहेरच्या सँडफेस (वरून दाणेदार) प्लास्टरचं वर्णन वर्षानुवर्षं असं आहे: एकास चारचा १५ मिलिमीटरचा खालचा थर, त्यात पोत्याला एक किलो वॉटरप्रूफिंग, त्याला किमान दोन दिवस पाणी, वर ६ ते ८ मिलिमीटरचा एकास चारचा सँडफेस, आणि चौदा दिवस पाणी. ठेकेदारांच्या तोंडी जो "एकास चार" बसला आहे तो बहुतेक इथूनच. विटांवर आणि चांगल्या सॉलिड ब्लॉकवर हे काम टिकतं. तेच वर्णन जसंच्या तसं एएसीवर लावलं की गडबड होते. ठेकेदाराशी वाद घालताना "सरकारी पद्धत चुकीची" असं म्हणू नका. "माझी भिंत वेगळ्या मालाची आहे" असं म्हणा, आणि ब्लॉकचा चाचणी अहवाल पुढे ठेवा. ते त्याला पटतं.

सिमेंट कोणतं? पीपीसी (राख मिसळलेलं पोझोलाना सिमेंट) किंवा स्लॅग सिमेंट घ्या. ५३ ग्रेडचं साधं सिमेंट लवकर पकडतं आणि गिलाव्याला त्या घाईचा काही फायदा नाही. पोतं तीन महिन्यांपेक्षा जुनं असेल तर परत पाठवा.

पॉलिप्रॉपिलीनचे तंतू पोत्याला सव्वाशे ग्रॅमच्या पुडीत मिळतात. ते घालावेत, सुरुवातीच्या आकसण्याच्या भेगा कमी होतात. पण चुकीचं मिश्रण त्यांनी सुधारत नाही, आणि नीट न मिसळल्यास त्यांचे पुंजके होतात.

सामानाचा अंदाज: दोन्ही थर मिळून २० मिलिमीटर धरले, आणि भिंतीचा उंचसखलपणा व सांडलवंड जमेस धरली, तर एका ब्रासला एकास चारमध्ये साधारण पावणेदोन पोती सिमेंट आणि साडेआठ घनफूट वाळू लागते. १:१:६ मध्ये सव्वा पोतं सिमेंट, सव्वा फर्मा चुना आणि नऊ घनफूट वाळू. म्हणजे चुन्याचा खर्च बऱ्याच अंशी वाचलेल्या सिमेंटमधून निघतो.

४. वाळू तपासल्याशिवाय उतरवून घेऊ नका

मिश्रणाचं प्रमाण अचूक आणि वाळू मातकट, असं असेल तर सगळं पाण्यात. नदीची वाळू आता दुर्मीळ आणि महाग, त्यामुळे बहुतेकांकडे क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, येते. काँक्रीटची क्रश सँड वेगळी आणि प्लास्टरची वेगळी. प्लास्टरची बारीक, धुतलेली आणि २.३६ मिलिमीटरच्या चाळणीतून जवळजवळ सगळी पडणारी हवी. काँक्रीटची वाळू आली तर रंध्याखाली खडे घरंगळून रेघा ओढतात, आणि मिस्त्री त्या झाकायला सिमेंट चोळतो.

बरणीची चाचणी पाच मिनिटांच्या कामाची आहे. सरळ काचेच्या बरणीत निम्मी वाळू भरा, चिमूटभर मीठ घातलेलं पाणी बरणी तीन चतुर्थांश भरेपर्यंत ओता, झाकण लावून जोरात हलवा आणि तीन तास ठेवून द्या. वाळू तळाशी बसते आणि तिच्यावर गाळाचा मऊ थर दिसतो. त्या थराची उंची वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जास्त असेल, म्हणजे दहा सेंटिमीटर वाळूवर आठ मिलिमीटरच्या वर गाळ असेल, तर ती वाळू धुऊन घ्या किंवा गाडी परत पाठवा. क्रश सँडमधली दगडाची पूडही याच थरात दिसते. पूड जास्त असली की माल छान गुळगुळीत चालतो, मिस्त्री खूश होतो, आणि वाळल्यावर भिंतभर भेगांची जाळी उमटते.

कोकणात खाडीची वाळू येण्याची शक्यता असते. जिभेला खारट लागली तर घेऊ नका, नाहीतर भिंतीवर पांढरे डाग वर्षानुवर्षं येत राहतात आणि जाळी गंजते.

ओलसर वाळू फुगलेली असते, हेही ध्यानात ठेवा. बारीक वाळू थोडी ओली असली की तिचं आकारमान पाव हिश्श्यानेही वाढतं. फर्म्याने मोजताना मग प्रत्यक्षात वाळू कमी पडते आणि तुमचा एकास पाच नकळत एकास चार होतो. ढीग ओला असेल तर प्रत्येक फर्म्यामागे थोडी वाळू वाढवून घ्या.

५. भिंत तयार करा

ब्लॉकचं बांधकाम झाल्यावर तीन-चार आठवडे भिंत तशीच वाळू द्या. ब्लॉकही आकसतात, आणि ते आकसण्याआधी गिलावा केला की भेग गिलाव्यातून बाहेर येते. बीमच्या खाली राहिलेली फट शेवटी भरतात. ती भरली आहे का ते परांची बांधल्यावर स्वतः चढून किंवा कोणाला चढवून बघा. खालून ती दिसत नाही.

कॉलम आणि बीमला टाचे मारून घ्या, म्हणजे काँक्रीटचा गुळगुळीतपणा मोडतो. जिथे काँक्रीट आणि ब्लॉक भेटतात त्या सांध्यावर एक फूट रुंद जाळी लावा, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच येईल अशी. जाळी भिंतीला चिकटलेली नको, गिलाव्याच्या मधोमध राहिली पाहिजे. म्हणून खिळ्यांखाली वॉशर घालून ती थोडी उचलून धरतात. खिडकीच्या चारही कोपऱ्यांवर जाळीचा तुकडा तिरपा लावा. हा तुकडा ठेकेदार हमखास विसरतो, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारी तिरपी भेग तर तुम्ही गावातल्या निम्म्या घरांवर बघितलीच असेल.

भिंत ब्रशने झाडा. एएसीवर आदल्या संध्याकाळी फवारा मारा आणि गिलाव्याच्या अर्धा तास आधी पुन्हा हलका फवारा. पाईपने भिजवू नका. आतपर्यंत भिजलेला एएसी ब्लॉक नंतर हळूहळू वाळतो, आकसतो आणि गिलावा फाडतो. हात लावल्यावर गार लागावा पण बोटाला पाणी लागू नये, एवढाच ओलावा हवा.

त्यानंतर काँक्रीटवर आणि एएसीवर एकास तीनचा पातळ माल, त्यात बाँडिंगचा द्रव घालून, थापीने किंवा केरसुणीने शिंतोड्यांसारखा फेकून मारतात. इथे एकास तीन कसा चालतो, असा प्रश्न पडेल. तो सलग थर नसतो. दोन-तीन मिलिमीटरचे सुटे दाणे असतात, त्यामुळे तो एकसंध आकसून भिंतीला ओढत नाही, नुसता खरबरीतपणा देतो. तो एक दिवस पक्का होऊ द्या.

६. आधी एक नमुना करून बघा

पश्चिमेच्या भिंतीवर मीटरभर बाय मीटरभर तुकडा ठरलेल्या मिश्रणाने, ठरलेल्या जाडीने करून घ्या आणि दहा-बारा दिवस बघा. मिस्त्री कुरकुर करेल, तरी करून घ्या. त्या तुकड्यावर भेगा दिसल्या तर आधी वाळू आणि पाणी तपासा, मिश्रणाला नंतर हात घाला. हा तुकडा पुढे संपूर्ण कामाचं मापही ठरतो. पोत, रंग, जाडी यावर वाद झाला की बोट त्याच्याकडे दाखवायचं.

७. माल कालवणं

चुना आदल्या दिवशी भिजवा. बांधकामाचा हायड्रेटेड चुना पिंपात पाण्यावर टाका, दुसऱ्या दिवशी दह्यासारखी पेस्ट होते. नीट न भिजलेला चुना भिंतीवर गेल्यावर फुगतो आणि गिलाव्यातून छोटे छोटे टवके उडतात. हात घालताना मोजे आणि डोळ्यांवर गॉगल हवाच, चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. बिगाऱ्यांना मोजे तुम्हीच आणून द्या.

वाळू फर्म्याने मोजायची. घमेल्यांनी मोजलं की एक घमेलं सपाट आणि दुसरं शिगोशीग, असं होतं आणि दिवसभरात प्रत्येक कालवणाचं प्रमाण वेगळं निघतं. आधी वाळू आणि सिमेंट कोरडं एकजीव, रंग सगळीकडे सारखा दिसेपर्यंत. मग चुन्याची पेस्ट, मग पाणी थोडं थोडं. मालाचा गोळा हातात धरून हळूच दाबा. गोळा टिकला आणि बोटांतून पाणी गळलं नाही, तर बरोबर. थापी उलटी केल्यावर माल क्षणभर चिकटून राहिला पाहिजे.

एका वेळी अर्ध्या ते एका तासात संपेल तेवढाच माल करा. जेवणाच्या सुट्टीनंतर घट्ट झालेल्या ढिगात पाणी ओतून तो पुन्हा चालवतात, ते चालू देऊ नका. जो माल पकडायला लागला तो गेला.

८. दोन थर, आणि मध्ये धीर

खालचा थर १२ ते १५ मिलिमीटर. आधी ओळंब्याने ठिय्ये (जाडी ठरवणारे मालाचे छोटे टप्पे) करून घ्यायचे आणि त्यावरून पट्टी मारायची. भिंत कुठे फार आत असेल तर एकाच वेळी जाड भरू नका, आदल्या दिवशी भराव करून घ्या. थर थोडा घट्ट झाला की आडव्या नागमोडी रेघा मारा, म्हणजे वरचा थर धरून राहतो.

खालच्या थराला पाणी मारत ठेवून एएसीवर मी आठवडाभर थांबते. दोन दिवसांनी वरचा थर मारला तरी चालतं असं सांगतात, आणि विटांवर चालतंही. पण जेवढं आकसणं खालच्या थरात आधी होऊन जाईल तेवढ्या भेगा वरच्या थराला कमी. पडलेल्या केसभर भेगा वरच्या थराखाली झाकल्या जातात. बाहेरच्या भिंतीला एकाच थरात काम उरकणाऱ्याला मी काम देणार नाही.

वरचा थर ६ ते ८ मिलिमीटर, लाकडी रंध्याने आणि स्पंजने दाणा काढून. बाहेर लोखंडी थापीने घोटून गुळगुळीत करू नका, आणि निरू (चुन्याचा गुळगुळीत शेवटचा थर) तर अजिबात नको. घोटल्याने सिमेंट वर येतं, कडक पापुद्रा तयार होतो आणि त्याला बारीक जाळी पडते. दाणेदार पृष्ठभाग ताण सहन करतो.

या टप्प्यावर कामावर उभं राहून एकच गोष्ट बघायची असेल तर मिस्त्रीचा हात बघा. संध्याकाळ होत आली की काम आवरायची घाई असते आणि माल अजून ओला असतो. तेव्हा तो घमेल्यातून मूठभर कोरडं सिमेंट घेतो आणि भिंतीवर फेकतो. सिमेंट पाणी शोषतं, भिंत लगेच रंध्याला तयार होते. हे सपाट, सुंदर दिसतं. पण त्या मुठीने वरचा पापड एकास एकचा झाला. सगळ्या पायऱ्या नीट करून शेवटच्या तासात काम बिघडतं ते इथे. पोतं उघडं ठेवूच नका, परांचीवर सिमेंट चढू देऊ नका.

छज्जे, खिडकीचे वरचे काठ आणि पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) खाली पागोळी तुटण्यासाठी खाच ठेवून घ्या. पॅरापेटच्या माथ्याला आतल्या बाजूला उतार द्या. जोराच्या पावसात भिंत कोरडी ठेवण्याचं काम या खाचा आणि छज्जे जेवढं करतात तेवढं कोणत्याही मिश्रणाने होत नाही.

९. पाणी मारणं

काम झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून. सिमेंटच्या गिलाव्याला चौदा दिवस, दिवसातून तीन-चार वेळा. १:१:६ ला पहिले सात दिवस भिंत सतत दमट राहील एवढा फवारा पुरे, कारण चुन्याला घट्ट व्हायला हवाही लागते आणि एएसी भिजवायचा नसतो. पश्चिमेच्या भिंतीवर हिरवी जाळी किंवा ओली गोणपाटं बांधा. मे महिन्यात बाहेरचं प्लास्टर टाळता आलं तर टाळा. पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ.

ठेकेदाराच्या माणसावर हे काम सोडू नका. तो सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला येतो, भिंत दुपारी वाळते.

१०. रंगाआधीची तपासणी

लाकडाच्या छोट्या दांड्याने सगळी भिंत ठोकत जा. जिथे आवाज पोकळ येतो तिथे खडूने गोल करा. तळहाताएवढी जागा असेल आणि कडा घट्ट असतील तर सोडून देता येते. त्याहून मोठी असेल तर चौकोनी कापून काढा आणि त्याच मिश्रणाने भरा. इथे "जरा पक्कं करू" म्हणून जास्त सिमेंटचा तुकडा भरला तर त्याच्या चारही बाजूंनी नवी भेग पडते.

भेगा कुठे आहेत त्यावरून कारण कळतं. भिंतभर जाळीसारख्या भेगा: वाळूतली पूड, फार पाणी, किंवा कोरडं सिमेंट फेकलेलं. कॉलमच्या कडेने सरळ उभी रेघ: सांध्यावर मेशची जाळी नाही किंवा कमी रुंदीची. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी: तिरपा तुकडा राहिला. ब्लॉकच्या सांध्यांप्रमाणे पायऱ्यांसारखी भेग आणि ती दिवसेंदिवस रुंदावत असेल, तर तो गिलाव्याचा विषय नाही. पाया किंवा बांधकाम हलतंय का ते इंजिनिअरला दाखवा.

बाहेरचा रंग निदान चार-सहा आठवड्यांनी लावा. घाईने लावला तर आतली ओल फोड आणते आणि सिमेंट-चुन्याचा क्षार रंग खातो. भेगांसाठी क्रॅक फिलर, मग क्षार सहन करणारं प्राइमर, मग बाहेरच्या भिंतीसाठीचा ॲक्रिलिक रंग दोन हात. एएसीवर वाफ आत कोंडणारा प्लास्टिकसारखा जाड लेप निवडू नका. दुकानदाराला "भिंत श्वास घेईल असा" रंग मागा, आणि डब्यावर तो बाहेरच्या भिंतीसाठी आहे हे वाचून घ्या.